चोर्ल्याच्या घाटातील कुडा

बेळगावाहून गोव्यात उतरण्याच्या वाटा अनेक आहेत. परंतु ज्येष्ठाच्या आरंभी जाण्याचा योग आला तर वाचकांनी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाची वाट धरावी. कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे, तो उजेडी पाहून घ्यावा आणि मग घाट उतरू लागावे. पाऊस अद्याप पडलेला नसतो, पण पश्चिमेकडून ढगांची रांग लागलेली असते. करवंदे संपत आलेली, जांभळे गळून वाटेवर काळे सडे पडलेले. अशा वेळी दोन्ही अंगांच्या उतारांवर, मोठ्या झाडांच्या पायथ्याशी, पांढऱ्या फुलांचे झुबके जागोजाग दिसू लागतात. नवख्या प्रवाशास वाटते की कोणी रानात मोगरा लावून ठेवला आहे. तो मोगरा नव्हे, तो कुडा.

झाड तसे लहानच. फार तर दोन-तीन पुरुष उंचीचे, पुष्कळदा झुडपाएवढेच. पाने समोरासमोर, रुंद, देठ जवळजवळ नाहीच असे वाटावे इतका आखूड. पान खुडले की पांढरा चीक निघतो. फुले फांद्यांच्या टोकांस गुच्छाने येतात, पाच पाकळ्यांची, मंद वासाची. आणि त्यांच्यामागून जोडीजोडीने लांब, बारीक शेंगा लोंबू लागतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर या फुलांची व कोवळ्या शेंगांची भाजी करतात. शेंगा उकडून त्यांचे पाणी टाकून द्यावे लागते, तरीही थोडा कडवटपणा राहतोच. आणि ज्याला तो कडवटपणा आवडू लागला त्यास पावसाळ्यातली दुसरी कोणतीही रानभाजी गोड लागत नाही, असे आमचे मत आहे.

संस्कृतात याचे नाव कुटज. कूट म्हणजे शिखर; शिखरावर जन्मला तो कुटज. दुसरे नाव गिरिमल्लिका, म्हणजे डोंगरातील मोगरी. तेव्हा मोगऱ्याची भूल पडणारे आपण पहिलेच नव्हे. कालिदासाच्या यक्षाने आषाढाच्या मेघास अर्घ्य दिले ते याच ताज्या फुलांचे. कवीने ऋतू किती अचूक धरला आहे हे घाटात उभे राहून पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. बियांस इंद्रजव म्हणतात. रामाच्या सैन्यातील पडलेल्या वानरांवर इंद्राने अमृत शिंपडले आणि त्याचे थेंब जेथे सांडले तेथे हे झाड उगवले, अशी कथा आहे.

अमृत म्हणावे असे या झाडात काय आहे? चव पाहिली तर काहीच नाही. मुळापासून बीपर्यंत सारे झाड कडू. पण हगवणीवर, विशेषतः आव आणि रक्त पडणाऱ्या हगवणीवर, कुड्याची साल हे आपल्या देशातील फार जुने औषध आहे. कोकणात घरोघरी सहाणेजवळ 'कुड्याचे पाळ', म्हणजे मूळ, ठेवलेले असे आणि ते ताकात उगाळून देत. वैद्यांच्या दुकानांतून आजही कुटजारिष्ट मिळते. त्यात कुड्याच्या मुळाची साल, मनुका, मोहाची फुले आणि शिवण यांचा काढा करून त्यात गूळ व धायटीची फुले घालतात आणि तो मुरवतात. कुटजावलेह आणि कुटजघनवटी हीही याच कुळातली.

येथपर्यंत जे लिहिले ते पुष्कळांस ठाऊक असते. जे ठाऊक नसते त्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

आमच्या धर्मग्रामाचा काही भाग या घाटमाथ्यावरील वाड्यांतून पसरलेला असल्याने मिस्सेसाठी तिकडे नेमाने जाणे होते. गेल्या पावसाळ्यात एका वाडीत आठ-नऊ महिन्यांच्या बाळास जुलाब लागले. घरची माणसे कुड्याच्या देशात राहणारी. त्यांनी साल उगाळून दिली, आणि जुलाब वाढू नयेत म्हणून बाळाचे पाणी व दूध मात्र बंद केले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा बाळाची टाळू खोल गेली होती, डोळे आत ओढले होते आणि रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हते. गाडीत घालून त्यास शहरात नेले, शिरेतून सलाईन दिले आणि देवाच्या कृपेने ते वाचले. आणखी चार तास गेले असते तर आम्हांस तिकडे दुसऱ्याच विधीसाठी जावे लागले असते.

चार दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा शेजारच्या घरातील एक वृद्धा आमची वाट पाहत बसली होती. तिला वाचता येत नाही. पण त्या वाडीतील निम्म्या माणसांची बाळंतपणे तिच्या हातून झालेली. ती रागावली होती, आणि तिचा राग कुड्यावर नव्हता.

"फादर, कुडा काय करील?" ती म्हणाली. "आदी बगावं, रगत पडतंय का, शेम पडतोय का. नुस्तं पाण्यागत होत असंल तर कुड्याला हात लावू नये. पेज द्यावी, मीठ घालून, वाटी-वाटी. ह्या पोरींनी कुडा तेवढा ध्यानात ठेवला, पेज इसरल्या."

हे बोलणे आमच्या मनातून जाईना. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, ज्या ज्या कामी जे जे द्रव्य सर्वश्रेष्ठ त्याची एक यादी आहे. तीत कुड्याची साल ही कफ, पित्त व रक्त यांस आवरून धरणाऱ्या आणि शोषून घेणाऱ्या द्रव्यांत अग्रस्थानी सांगितली आहे. वृद्धेचा 'शेम' तो कफ आणि तिचे 'रगत' ते रक्त. शब्दांचे वेष बदलले. वचन तेच राहिले. तिने चरकाचे नावही ऐकलेले नसावे.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात अतिसारावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात वैद्यास बजावले आहे की, अतिसार कच्च्या अवस्थेत असता, म्हणजे पोटातील 'आम' बाहेर पडत असता, आवरून धरणारे औषध देऊ नये. दिल्यास पोट फुगणे, सूज, पांडुरोग, ज्वर असे विकार मागे लागतात. म्हणजे ज्या शास्त्राने कुड्यास अग्रस्थान दिले त्याच शास्त्राने तो केव्हा देऊ नये हेही सांगितले. औषधाचे नाव लोकांच्या ध्यानात राहते, त्याचा निषेध राहत नाही. बाजारात कुड्याचे चूर्ण पुडीत बांधून मिळते. निषेध कोणी पुडीत बांधून देत नाही.

असो. आता घाट उतरून गोव्यात जाऊ. कारण या झाडाच्या कीर्तीचा एक मोठा धागा तेथे आहे.

साखळीवरून पुढे जुन्या गोव्यास आले म्हणजे प्रवासी बॉम जेझूच्या मंदिरात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीचे दर्शन घेतो, समोरचे कॅथेड्रल पाहतो आणि परततो. मांडवीच्या काठी ज्या भागात एके काळी राजाचे रुग्णालय होते तिकडे कोणी फिरकत नाही, आणि फिरकावे असे तेथे आता फारसे उरलेलेही नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगालहून येणारी गलबते माणसांनी भरलेली निघत आणि रोग्यांनी भरलेली पोहोचत. त्या काळी या शहरात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत असे. तो १५३४ साली गोव्यास आला आणि १५६८ साली येथेच वारला. १५६३ साली त्याने येथील औषधींवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ गोव्यातच छापून प्रसिद्ध झाला. त्यातील एक संपूर्ण संवाद हगवणीवरील एका वनस्पतीस दिलेला आहे. पोर्तुगीज लोक तिला 'मलबारी वनस्पती' म्हणत. येथील लोकांच्या तोंडचे नाव ओर्ताने 'कोरू' असे टिपले आहे आणि मलबारचे 'कुरोडपाला'. अभ्यासकांनी ती वनस्पती म्हणजे कुडाच असे ठरविले आहे, आणि ज्याने कोकणी 'कुडो' हा शब्द ऐकला आहे त्यास ते पटण्यास वेळ लागत नाही. 'पाला' हे मात्र आपले पाळ नव्हे; मल्याळममध्ये चीक असलेल्या झाडांच्या नावांत तो शब्द येतो.

ओर्ताचे मोठेपण यात की, सालामांका व अल्काला येथे शिकलेला हा मनुष्य येथील वैद्यांपाशी बसून विचारीत असे. ग्रीक ग्रंथकारांनी न पाहता लिहिलेल्या गोष्टींपेक्षा आपण डोळ्यांनी पाहिलेले अधिक मानावे, हे त्याने त्या काळात छापून ठेवले. १५६७ साली त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे निघाला आणि कुड्याची वार्ता युरोपभर गेली.

ओर्ताचे नाव घेतले की पुढचे सांगणे चुकवता येत नाही. त्याचे आईवडील स्पेनमधून घालवून दिलेल्या यहुदी लोकांपैकी. पोर्तुगालात त्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते. ओर्ताच्या मृत्यूनंतर १५६९ साली त्याची बहीण कातारिना हिला गोव्यातील इन्क्विझिशनने जाळले, आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे उकरून काढून तीही जाळण्यात आली. ज्याच्या औषधज्ञानाने शेकडो ख्रिस्ती खलाशांची आतडी राखली त्याच्या हाडांस आमच्या धर्मबांधवांनी थडगे राखू दिले नाही. कॅथलिक साप्ताहिकात हे लिहिताना लेखणी जड होते. पण ते दुसऱ्यांनी लिहावे आणि आम्ही मौन धरावे हे बरे नव्हे. सत्याच्या सेवेच्या नावाखाली केलेल्या बळजोरीबद्दल आणि यहुदी लोकांविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये देवाची क्षमा मागितली, तीत गोव्याचा हा हिशोबही आला असे आम्ही मानतो. पणजीतील नगरपालिकेच्या बागेस गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. बाग चर्चपासून हाकेच्या अंतरावर. मिस्सा आटोपून तेथे बाकांवर विसावणाऱ्या किती जणांस तो कोण हे ठाऊक असेल?

मलबारचे नाव निघालेच आहे, तर त्या बाजूची एक सुखाची हकीकतही सांगू. १६६३ साली डचांनी कोची जिंकली आणि युरोपीय कॅथलिक धर्मगुरूंना तेथून घालवून दिले. तरीही पुढे तेथील डच अधिकारी व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या आरंभीच्या कामात फादर मॅथ्यू या इटालियन कार्मेली धर्मगुरूचा मोठा हात होता. 'होर्तुस मलबारिकुस' या नावाने त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापले गेले. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने झाडांची माहिती दिली. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीतील तीन कोकणी वैद्यांनीही साहाय्य केले, आणि त्यांचे देवनागरीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. डच प्रॉटेस्टंट, कॅथलिक संन्यासी, एळव वैद्य आणि सारस्वत पंडित एका ग्रंथात एकत्र आले ते झाडापाल्याच्या निमित्ताने. त्याच पहिल्या खंडात 'कोडगपाला' या नावाने कुड्याचे चित्र आहे.

एवढी चित्रे निघाली, एवढे ग्रंथ झाले, तरी घोटाळा व्हायचा तो झालाच. कुडे दोन आहेत: पांढरा आणि काळा. दोन्ही एकाच कुळातले, दोन्ही चिकाचे, दोन्हींस पांढरी फुले आणि जोडशेंगा. चरकसंहितेत पुरुष-कुटज आणि स्त्री-कुटज असे दोन भेद सांगितले आहेतच. मोठ्या फळांचा, पांढऱ्या फुलांचा, तुकतुकीत पानांचा तो पुरुष. हगवणीस गुण देणारा म्हणून ज्याची कीर्ती आहे तो पांढरा कुडा. काळ्या कुड्याची साल दिसण्यात जवळपास तशीच, पण तिचा तो गुण नाही. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यानेही अठराव्या शतकात मलबारचा कुडा आणि सिंहलद्वीपातील दुसरेच एक झाड यांना एकाच नावाखाली घातले. त्यामुळे पांढऱ्या कुड्याचे 'हगवणनाशक' अशा अर्थाचे जुने लॅटिन नाव शास्त्रज्ञांनी आता सोडून दिले असून, त्यास होलार्हेना प्युबेसेन्स म्हणतात. युरोपातील वैद्य त्या शतकात कुड्याची साल मागवीत. पुढे तिचा गुण येईनासा झाला व मागणी बसली. तिकडे जाणाऱ्या मालात काळ्या कुड्याची साल मिसळली जाई, हे त्याचे कारण सांगतात. बाजारातील भेसळ आजही संपलेली नाही.

ओळखण्याच्या खुणा सांगून ठेवतो, म्हणजे लेखाचा काही उपयोग होईल. काळ्या कुड्याच्या फुलात, पाकळ्यांच्या मुळाशी, पांढऱ्या झिरमिळ्यांचा तुरा असतो. पांढऱ्याचे फूल आतून साधे. काळ्याच्या जोडशेंगा कोवळेपणी टोकाशी एकमेकींस चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. काळ्याची पाने अरुंद, सुकताना काळी पडतात. आणि सर्वांत सोपी खूण जिभेची: पांढऱ्याचे बी कडूजहर, म्हणून तो कडवा इंद्रजव, काळ्याचे तसे नाही, म्हणून व्यापारी त्यास गोडा इंद्रजव म्हणतात.

रसायनशास्त्रानेही कुड्याची परीक्षा घेतली आहे. १८५८ साली हेन्स नावाच्या रसायनज्ञाने त्याच्या सालीतून एक द्रव्य वेगळे काढले, त्यास कोनेसीन म्हणतात. हगवणीचे एक कारण अमीबा हा सूक्ष्म जीव, आणि त्यावर कोनेसीन चालते असे आढळल्याने विसाव्या शतकात ते औषध म्हणून वापरातही आले. परंतु शुद्ध द्रव्य घेणाऱ्यांची झोप उडे, चक्कर येई, मन अस्वस्थ होई. पुढे मेट्रोनिडॅझोल आल्यावर ते मागे पडले. म्हणजे आजीबाईचे पाळ ही निव्वळ समजूत नव्हती, आणि वनस्पतीचे म्हणून निरुपद्रवीही नव्हते. गर्भवतीस किंवा तान्ह्या मुलास ते आपल्या मनाने देऊ नये.

आणि ज्या पेजेची वृद्धेने आठवण करून दिली तिची साक्ष १९७१ साली निघाली. बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पेल्यापेल्याने पाजविले. शंभरात तीस माणसे दगावत होती ती संख्या चारांच्याही खाली आली. पुढे तांदळाच्या पिठाचे असेच पाणी करून पाहिले गेले, तेही गुणकारी ठरले. आपल्या मिठाच्या पेजेत ते दोन्ही आहेतच. घरी करावयाचे तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून अधिक नको. मूल अंगावर पीत असेल तर ते तोडू नये. शौचात रक्त दिसले, मूल मलूल पडले किंवा लघवी होईनाशी झाली तर कुडा शोधीत न बसता दवाखान्याची वाट धरावी.

परतीच्या वाटेवर घाटात काही कुडे उभ्याउभ्या वाळलेले दिसले. कमरेच्या उंचीवर भोवतालची साल कड्यासारखी सोलून नेलेली. साल सर्व बाजूंनी काढली की वरचे झाड मरते. रस चढण्या-उतरण्याची वाटच तुटते. सोलणारे बहुधा मजूर, पोटासाठी आलेले. त्यांना किलोवर पैसे मिळतात आणि झाड कोणाचे हे कोणी विचारीत नाही. वास्तविक कुडा मोठा चिवट आहे. बुंध्याशी नीट तोडला तर खोडातून आणि मुळांतून नवे कोंब फुटतात व काही वर्षांत पुन्हा साल देण्याजोगे झाड होते. जुने जाणते लोक एका बाजूची पट्टी काढीत किंवा कापून कोंब राखीत; कडे काढीत नसत.

घरच्या बांधावर किंवा चर्चच्या आवारात कुडा लावता येतो, आणि आमच्याकडे या वर्षी पाच रोपे लागली आहेत. शेंगा हिवाळा सरता सरता पिकतात. पिकली की शेंग उभी उकलते आणि आतील बिया तपकिरी रेशमाच्या शेंड्या लावून वाऱ्यावर उडून जातात; मग हाती काही लागत नाही. ज्यांना बी हवे त्यांनी शेंग पिवळसर होताच तिच्यावर सुताचे दोन-तीन वेढे सैलसर बांधून ठेवावे, उकलल्यावर उतरवून घ्यावी आणि मृगापूर्वी पेरावी. फूल आधी नीट पाहून घ्यावे: आत झिरमिळ्या दिसल्या तर ती शेंग सोडून द्यावी.